बाईंचा तरवा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौकात उभी राहून, टेकडी फोडणाऱ्यांच्या नावानं घोषणा देत होते. "झोपेतच गेल्या गं," शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हिराकाकू सांगत होत्या. माझी घोषणा अर्धीच राहिली… त्याला आता दीड महिना झाला.

सुमनबाई रिहे खोऱ्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवायच्या. मी शहराला लागलेल्या मारुंजीची. आमच्याकडे माती बघायची तर आता कुंडीत बघावी लागते, त्यामुळे माझं डोकं कायम तापलेलं. पहिल्यांदा त्या शाळेत गेले ती 'प्लास्टिक हटवा'ची पत्रकं घेऊन. बाईंनी एक पत्रक हातात घेऊन वाकवून बघितलं.

"ह्येला वरनं काय लावलंय?"

"लॅमिनेशन, बाई. पावसात भिजू नये म्हणून."

"मंग ह्ये कुजायचं कधी?"

पोरं फिदीफिदी हसली. ती पत्रकं अजून माझ्या कपाटात आहेत. कुजलेली नाहीत.

पर्यावरण हा विषय बाईंनी पुस्तकातून फारसा शिकवलाच नाही. दर जूनला मुलं मैदानाचा एक कोपरा खणून तिथं तरवा टाकत, म्हणजे भाताची रोपं तयार करायला बी पेरत. रोपं वीतभर झाली की कुणाच्या तरी खाचरात लावणी. पाणी कुठं मुरतं, गांडूळ काय करतं, पाखरं किती बी खातात… सगळं त्या कोपऱ्यात.

मग एक कंपनी आली. शाळा 'हरित' करायची म्हणे. म्हणजे काय, तर मैदानभर सिमेंटचे ब्लॉक! मी संतापून चार पानी पत्रक लिहून दिलं. बाईंनी ते घडी करून पर्समध्ये टाकलं आणि कंपनीच्या साहेबांना चहा दिला.

"मॅडम, ब्लॉक हिरव्या रंगाचे आहेत," साहेब अगदी मनापासून म्हणाले.

"लई छान. त्यावर एकदा तरवा उगवून दावा, लगेच सही करते."

साहेब चहा पिऊन गेले. माझं पत्रक कुणी वाचलंच नाही, याचा मला आजही राग आहे.

शोकसभेत तर कमालच झाली. सरपंच उभे राहिले, डोळे खरोखर पाणावलेले, आणि म्हणाले, "बाईंच्या आठवणीसाठी आख्ख्या मैदानाला ब्लॉक बसवू." ज्यांनी माती राखली, त्यांच्याच नावानं सिमेंट! मी तावातावानं उठले. पण मी तोंड उघडायच्या आत हिराकाकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सरपंच, मंग यंदाचा तरवा तुमच्या सोफ्यावर टाकायचा का?"

अख्खी शोकसभा हसली. सरपंचही डोळे पुसत हसले. "ऱ्हाऊ द्या मंग. हाय तशीच ऱ्हाऊ द्या माती."

परवा शाळेत गेले. बाईंच्या जागी शहरातून नवे सर आलेत. कोपऱ्यात सगळी मुलं चिखलात वाकलेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सर चकचकीत बुटांत बाजूला उभे. "अरे, चला, तास सुरू झाला!"

चौथीतली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "तास हितंच हाय, सर. बूट काढून या."

सरांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी चपला काढत होते.