गार्ड कुणी काढला

हिराजीकाका फळी मशीनवर चढवण्याआधी तिला गालाला लावत. नुसती टेकवत नसत. डोळे मिटून चांगली पाच-सहा सेकंद धरून ठेवत, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला आई गाल लावते तशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत माझा पॅकिंगच्या लाकडी पेट्यांचा छोटा कारखाना आहे, आणि फळीशी इतकी सलगी करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "काका, पापा घेताय का?" मी विचारलं. काका हसले नाहीत. "लाकडाच्या पोटात पानी आसलं का गालाला गार लागतं, भाऊ. हाताला नाय कळत. हात खोटं बोलतो." त्यांनी दोन फळ्या बाजूला काढल्या आणि म्हणाले, "ह्या दोगी आज नाय. ह्यांना उनात बसू दे."

काका दातिवऱ्याचे. मासेमारीच्या होड्या बांधणं हा त्यांचा धंदा. फायबरच्या होड्या आल्या आणि किनाऱ्यावरचं लाकूडकाम आटलं. वर्षाला एखादी जुनी होडी दुरुस्तीला यायची, तेवढंच. आमचं घर माकुणसारचं, वाडीवाल्यांचं. वडिलांची काकांशी जुनी ओळख होती, म्हणून साठीला टेकलेला हा माणूस माझ्याकडे आला. सकाळच्या एसटीने सफाळे, तिथून गाडीने बोईसर, आणि नऊच्या ठोक्याला कारखान्याच्या दारात हजर. मी मालक असून साडेनऊला पोचायचो. काका घड्याळाकडे बघायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे, आणि ते जास्त झोंबायचं.

आमच्या पेट्यांचं आयुष्य पंधरा दिवसांचं. कंपनीतून माल घालून निघाल्या की दुसऱ्या टोकाला कुणीतरी पहारीने फोडणार, संपलं. काकांना हे पटवणं मला कधीच जमलं नाही. ते सांधे असे जुळवत की पेटीत पाणी भरलं तरी थेंब बाहेर येऊ नये. मी वैतागून म्हणायचो, "काका, ही समुद्रात सोडायची नाहीये." त्यावर ते शांतपणे विचारत, "जहाजातनंच जाते ना? मंग?" लल्लन नावाचा आमचा दुसरा कारागीर, उत्तर प्रदेशातला, खदखदून हसायचा आणि मी केबिनमध्ये निघून जायचो.

आमचं टेबल सॉ, म्हणजे मधोमध गोल पातं वर आलेलं कापायचं टेबल, मी एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचललं होतं. पात्यावर झाकण नव्हतं. बरीच वर्षं आम्ही तसंच काम केलं आणि कुणाला काही झालं नाही, याचा मला अभिमानच होता. काकांना तो मुळीच नव्हता. ते म्हणायचे, "मशीन आपली वळख ठेवत नाय. तिला मानूस आन् फळी येकच."

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा सेफ्टी ऑफिसर पाहणीला आला. उघडं पातं बघून त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि महिनाभरात गार्ड बसवा नाहीतर पेट्या दुसरीकडून घेऊ, असं सांगून गेला. मी चरफडत ऑनलाइन गार्ड मागवला. पात्यावर बसणारं पारदर्शक झाकण, आणि पात्याच्या मागे उभी राहणारी एक पोलादी पट्टी. कापलेली फळी मागे पुन्हा मिटते आणि पात्याला चिमटते. तसं झालं की पातं ती फळी माणसाच्या अंगावर फेकतं. ते होऊ नये म्हणून ही पट्टी त्या चिरेत शिरून राहते. गार्ड दुसऱ्याच बनावटीच्या मशीनसाठी होता. एकही भोक जुळेना. मी म्हटलं, परत पाठवतो. काका म्हणाले, "मानसं जुळवून घेतात, हे तं लोखंड हाय."

दोन दिवस त्यांनी दुसरं काम केलं नाही. आधी मशीनचा प्लग काढला आणि वायर स्वतःच्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगली. पुठ्ठ्याचा नमुना कापून भोकांच्या खुणा घेतल्या. जाड पत्र्याचा एक कोन बनवून तो टेबलाखाली बसवला आणि त्यावर पट्टी उभी केली. पातं आणि पट्टी एका रेषेत आहेत की नाहीत हे बघायला त्यांनी सूत ताणलं, होडीचा कणा सरळ धरायला ताणत असतील तसं. एका डोळ्याने बघायचे, बोल्ट पाव आटा फिरवायचे, पुन्हा बघायचे. पातं हाताने फिरवून कुठे घासत नाही याची खात्री केली तेव्हा कुठे झाकण चढलं. फळी पुढे सरकली की ते आपोआप उचललं जाई आणि फळी गेली की खाली बसे. झाकण आणि पट्टी मिळून सगळ्यालाच काका टोपण म्हणत.

लल्लनची कुरकुर सुरू झाली. "काका, अब लकीर ही नहीं दिखती."

"लकीर मत देख," काका त्यांच्या हिंदीत म्हणाले, "फळी देख."

लल्लनला आठवडाभरात सवय झाली. मला झाली नाही. झाकणावर भुसा बसायचा, तो पुसायला काका मशीन थांबवायचे. अरुंद पट्ट्या कापायला दोन लाकडी दांड्यांनी ढकलायला लावायचे. काम मंदावलं, असं मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचो. खरं तर दिवसाला चार-पाच पेट्यांचा फरक पडत असेल. पण मला टोचत होतं ते वेगळंच. माझ्या कारखान्यात माझ्याऐवजी काकांचं चालत होतं.

खंडेनवमीला आम्ही मशीन पुजतो. काका नवमी-दसऱ्याचे दोन दिवस घरीच राहत, आपली हत्यारं पुजायला. निघताना म्हणाले, "भाऊ, टोपण काढू नका हां पूजेला. टोपणावरच फूल वाहा." मी हो म्हटलं. नवमीला सकाळी बायको ताट घेऊन आली, झेंडूच्या माळा आल्या, आणि त्या प्लॅस्टिकच्या झाकणाला हळदकुंकू लावायचं माझ्या जिवावर आलं. देवी पात्यात असते, झाकणात कशी असेल? मी पाना घेतला आणि स्वतःच्या हाताने पट्टीसकट गार्ड उतरवला. एक बोल्ट अडला तर जोर लावला. पात्याला पाच बोटं ओढली, माळ घातली, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर पाठवला. गार्ड कपाटावर ठेवला. दसरा झाला की लावू म्हटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा ट्रक दारात उभा होता आणि आठ पेट्या कमी होत्या. काका आले, मशीनकडे बघितलं आणि पिशवी खांद्यावरून न उतरवताच म्हणाले, "टोपण कुटं हाय?"

"संध्याकाळी लावू, काका. ट्रक थांबलाय."

त्यांनी पिशवी ठेवली. वरची फळी उचलून गालाला लावली. "ओली हाय ही. ओलं लाकूड मिटतं. आधी टोपण लावतो, अर्धा घंटा."

आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "म्हातारपणी हात कापायला लागले असतील तर तसं सांगा. लल्लन कापेल."

ते वाक्य मी आज लिहितोय तरी हात थांबतो. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. लल्लन पुढे होत होता, त्याला त्यांनी हाताने मागे सारलं आणि मशीन सुरू केलं. सहावी की सातवी फळी होती. ती मध्येच मिटली, पात्याने धरली आणि उसळवली. तिच्याबरोबर डावा हात ओढला गेला. दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. उजव्या हाताने काकांनी आधी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो तेव्हा माझ्या खिशात एक कागद होता. कंपनीला लेखी खुलासा हवा होता. कागदावर मी लिहिलं होतं की कामाच्या घाईत कारागिराने स्वतः गार्ड काढला. मी तो वाचून दाखवला. काका छताकडे बघत ऐकत होते.

"हे नाय लिवलं तं काय होईल?"

"काम जाईल, काका. सगळे घरी बसतील."

"लल्लन पन?"

"तोही."

ते खोटं नव्हतं. पण त्यातला सगळ्यात घाबरलेला माणूस मी होतो आणि मी स्वतःचं नाव घेतलं नाही. काकांनी पेन मागितलं. उजव्या हाताने, मोठ्या मोठ्या अक्षरांत, शाळेतल्या पोराने काढावं तसं नाव काढलं. मग म्हणाले, "आता जा आन् टोपण बसवा. लल्लनला सांगू नका. तुमीच बसवा. माज्यासमोर."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा गार्ड बसवला तो व्हिडिओ कॉलवर. लल्लन फोन धरून उभा, फोनमध्ये उशीवर टेकलेले काका, आणि टेबलाखाली मी. नवमीला लावलेल्या जोराने पट्टी वाकली होती. "सूत धरा. ताना. नाय भाऊ, पट्टी डावीकडं जाते. पाव आटा. पाव बोललो, आर्दा नाय." मध्ये नर्स येऊन ओरडून गेली. त्यांचं अर्ध्या तासाचं काम मला तीन तास पुरलं. शेवटी त्यांनी पातं हाताने फिरवायला सांगितलं आणि फोन टेबलाजवळ धरून घासल्याचा आवाज येतो का ते ऐकलं. "बरं झालं," म्हणाले. त्या तीन तासांत ते मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ऑफिसर आला, गार्ड बघितला, कागद वाचला. "पुराने लोग सुनते नहीं," तो म्हणाला. मी मान डोलावली, आणि काम टिकावं म्हणून लल्लननेही. पुढे कंपनीत कामगारांच्या सेफ्टीच्या तासाला तो हीच गोष्ट सांगायचा, स्वतःच गार्ड काढणाऱ्या म्हाताऱ्या सुताराची. माल पुरवणारे म्हणून आम्हालाही जावं लागे, मी शेवटच्या रांगेत बसून ऐकायचो. ऐकणाऱ्यांत सफाळ्याकडची पोरं असायची, ती गोष्ट घेऊन घरी जायची. ती कुठवर जाईल याचा विचार मी केला नाही. काकांच्या औषधपाण्याचं सगळं मी केलं होतं आणि त्याबद्दल स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो.

जखम भरली तरी काका परत आले नाहीत. दोन वर्षांत मी एकदाच दातिवऱ्याला गेलो. ओट्यावर बसून चहा प्यायलो. त्यांनी एवढंच विचारलं, "टोपण हाय ना जागेवर?" मी हो म्हटलं, आणि यावेळी ते खरं होतं.

गेल्या थंडीत काका गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तरी जायला मी महिना लावला. काकींनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि समोर बसून म्हणाल्या, "भाऊ, त्याच्या चुकीपायी तुमाला तवा लय तरास झाला. मानसाचं डोकं म्हातारपनी चालत नाय. मनात ठेवू नका."

मी चहा संपवला. "नाही नाही, काकी," असं काहीतरी पुटपुटलो आणि गाडीला किक मारली. गावाबाहेरच्या वळणापर्यंत आलो. तिथे थांबलो. किती वेळ ते माहीत नाही, पण एक एसटी जाऊन दुसरी आली. मग गाडी वळवली.

काकी अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. गार्ड मी काढला होता. काकांनी काढू नका म्हटलं होतं. त्या दिवशी मीच त्यांना डिवचलं आणि कागदही मीच लिहिला. काकींचे हात आधी चालू होते, मग थांबले.

"गावात कोन त्याला होडीला हात लावू देत नवता," त्या म्हणाल्या. "बोलायचे, ह्यानं सोताच झाकन काढलं, ह्याच्या हातात होडी कशी द्यायची. रोज वाळूत जाऊन बसायचा आन् दुसऱ्यांचं काम बघायचा."

त्यांनी टोपलीतून एक बोंबील उचलला.

"मी पन बोलली त्याला. दोन वरसं. भांडी घासताना, जेवाय वाढताना. कशाला काढलास, तुला कोन शाना समजत होता, बोलली. तो नुसता जेवायचा." हातातला बोंबील त्यांनी टोपलीत परत ठेवला. "तो होता तवा सांगायचं ना, भाऊ. आता मी कोनाची माफी मागू?"