दवाखान्यात न बसलेली डॉक्टरीण

माझ्या आतेबहिणीला एकटा माणूस कधी दिसलाच नाही. समोर कोणी येऊन उभं राहिलं की तिला त्याच्यामागे त्याचं घर दिसे, घरामागे विहीर दिसे, विहिरीपलीकडे शेजारी आणि शेजाऱ्यांची गुरं दिसत, आणि मूळ माणूस त्या गर्दीत हरवून जाई. रविवारी चर्चमध्ये मिस्साला आम्ही प्रवचन ऐकायचो, ही खोकला ऐकायची. बाहेर पडताना मला कोपराने ढोसून म्हणे, "डावीकडचे बाक जास्त खोकतात रे. खाडीकडची माणसं तिथं बसतात ना?" मयताच्या घरी सगळे गुडघे टेकून प्रार्थना म्हणत असताना ही हळूच बायकांच्या घोळक्यात सरकायची आणि अगदी मायेने विचारायची, "आधी ताप आला होता की आधी जुलाब? आणि शेजारी कोणाला?" एकदा तिला बघायला आगाशीचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने तिला स्वयंपाकाचं विचारायच्या आत हिनेच त्या बाईंना विचारलं, "तुमच्या विहिरीत आणि संडासात अंतर किती?" स्थळ चहा अर्धा टाकून गेलं, ते पुन्हा फिरकलं नाही. आत्या आठवडाभर रडली. ही म्हणाली, "अंतर कमीच असणार गो आई, नाहीतर सांगितलं असतं."

एक खरं, की ती एमबीबीएस झाली तेव्हा आमची सांडोर गावची आळी आनंदाने वेडी झाली होती. सगळ्यांत जास्त आतोबा, म्हणजे तिचे वडील. केळीच्या आणि पानाच्या वाडीत जन्म काढलेला हा माणूस कमालीचा हट्टी, आणि लेकीने तो हट्ट जसाच्या तसा उचलला होता. त्यांनी घराची रस्त्याकडची खोली रिकामी केली, तिला हिरवा रंग दिला, पेशंटसाठी सागाचा बाक करून घेतला, मुंबईहून स्टेथोस्कोप आणून खिळ्याला टांगला आणि दारावर लेकीच्या नावाची पाटी लावली. लेक आली, तिने पाटी वाचली, खोली पाहिली आणि सरळ सांगितलं, "पपा, मला दवाखान्यात बसायचं नाही. मला विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घ्यायचंय."

हे शिक्षण म्हणजे काय ते त्या काळी आळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. आतोबांनी विचारलं, "त्यात पेशंट किती?" ती म्हणाली, "पेशंट नसतात. एकाला काय झालं ते डॉक्टर बघतो. सगळ्यांना ते का होतं, हे बघणारं कोणी नको?" "आणि पगार कोण देतं? सगळे मिळून?" असं म्हणून आतोबा वाडीत निघून गेले. पुष्कळ रुसवेफुगवे झाल्यावर त्यांनी तिला सांगितलं, पाऊस सुरू होईपर्यंत दवाखान्यात बस, मग बघू. विद्यापीठातले प्रवेशही तेव्हाच होते. मी तिला म्हटलं, तू सज्ञान आहेस, सरळ जा. तर म्हणाली, "पपांनी हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. आणि गेल्याशिवाय राहणारही नाही."

ती दवाखान्यात बसली खरी, पण पेशंट टिकेनात. पोट दाबत आलेल्या एका शेजाऱ्याला तिने जीभ दाखवायला सांगण्याऐवजी त्याच्या भावकीत कोणाकोणाची पोटं दुखतात ते विचारलं. तो तणतणत बाहेर आला. "पोट माझं दुखतंय आणि ही भावाच्या पोटाची चौकशी करते! आमचं सहा वर्षं बोलणं नाही!"

अशात मे महिन्यात आळीत एक लग्न झालं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, नटूनथटून एका जुन्या विहिरीवर जायचं आणि नवऱ्यामुलाच्या आंघोळीचं पाणी आणायचं, अशी रीत. एरवी त्या विहिरीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे, पण लग्नाला तिचंच पाणी हवं. त्यातलं उरलेलं पाणी ओतून द्यायचं नाही. ते लग्नाच्या सरबतात मिसळायचं, म्हणजे आंघोळ एकट्या नवऱ्याची आणि आशीर्वाद सगळ्यांना. त्या वर्षी आशीर्वाद जरा जास्तच लागला. लग्नानंतर एक-दोन दिवसांत आळीतली घरंच्या घरं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. दोष सगळ्यांनी मासळीला दिला.

आतेबहीण मात्र कामाला लागली. घरोघरी जाऊन मीठ-साखरेचं पाणी पाजायची आणि पाजता पाजता विचारायची, लग्नात काय खाल्लं, काय प्यालं. मी बरोबर असायचो, कारण मी नसतो तर निम्म्या घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. घरी येऊन ती दवाखान्यातल्या टेबलावर मांडामांड करायची. आजारी पडला त्याच्या नावाची एक सुपारी, धडधाकट राहिला त्याचा वालाचा एक दाणा. एका बाजूला सरबत प्यालेले, दुसऱ्या बाजूला न प्यालेले. बघता बघता सरबताच्या बाजूला सुपाऱ्यांचा ढीग झाला आणि पलीकडे नुसते वाल. हे वाल कोण, तर बँडवाले आणि मांडवामागे त्यांच्याबरोबर घरगुती दारूला बसलेली मंडळी. बँडचा म्हातारा म्होरक्या छाती काढून म्हणाला, "डॉक्टरीणबाय, आमी पान्याला शिवलोच नाय!" तिला नाइलाजाने त्याची पाठ थोपटावी लागली. संध्याकाळपर्यंत आळीतले समस्त पिणारे ही वैद्यकीय शाबासकी सांगत फिरत होते आणि त्यांच्या बायका माझ्या बहिणीला शिव्या घालत होत्या.

पण सुपाऱ्यांच्या ढिगात वालाचा एक दाणा होता. तो आतोबांचा. त्यांनी फादरांपुढे क्रुसावर हात ठेवून दारू सोडली होती, आणि तेव्हापासून इतरांना सोडवत हिंडत होते. तिने विचारलं, "पपा, तुम्ही काय प्यालात?" ते म्हणाले, "सरबत." तिने दाणा सरबताच्या बाजूला ठेवला. मला म्हणाली, "एखादा सुटतो, त्याने माझं गणित बिघडत नाही. पण हे आळीला कोण सांगणार?" तेच झालं. पुढच्या आठवड्यात दुसरं लग्न होतं. तिने वडीलधाऱ्यांना विनवलं, तोवर विहीर उपसा, औषध टाका, नाहीतर निदान सरबत तरी करू नका. वडीलधारे हसले. "विहिरीला नावं ठेवतेस? तुझा बाप तेच सरबत प्याला, बघ कसा टुणटुणीत आहे." ती घरी आली, चिडली नाही, रडली नाही, आणि टेबल काही आवरलं नाही. आतोबा त्या खोलीतून जाता-येता त्या दाण्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात नेहमीसारखी सगळी आळी गप्पा मारत उभी होती. आतोबा पायरीवर चढले. आधी टोपी काढून हातात धरली. मग एकदम म्हणाले, "मी सरबत प्यालो नाही. मी बँडवाल्यांबरोबर बसलो होतो. माझी पोर खरं सांगते. विहीर उपसा." कोणी हसलं नाही. फादरांनी नुसती मान खाली घातली. इतक्या वर्षांची कमावलेली अब्रू त्या माणसाने त्या पायरीवर ठेवली आणि टोपी घालून घरी चालता झाला. मी मागोमाग गेलो, तर ते टेबलापाशी उभे होते. लेकीला म्हणाले, "आता उचल तो दाणा. आणि जा, घे तुझा प्रवेश." तिने दाणा उचलून पलीकडच्या वालांत टाकला आणि वडिलांना मिठी मारली. तिला तसं करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

विहीर उपसली गेली. लग्नही वाजतगाजत झालं आणि कोणी आडवं पडलं नाही. ती शिकली. मग लसीकरणाच्या मोहिमांत गावोगाव पायपीट केली, नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात साथींमागे धावली, नर्सबाईंना शिकवलं, आणि शेवटी विद्यापीठातच शिकवू लागली. तिचे विद्यार्थी कुठे कुठे आरोग्य अधिकारी झाले. लेक काय करते असं कोणी विचारलं की आतोबा रुबाबात सांगायचे, "ती एकेकाला तपासत नाही. अख्खा तालुका तपासते." त्या हिरव्या खोलीत मग ते केळीचे घड पिकत घालू लागले, पण दारावरची पाटी दर रविवारी स्वतः पुसायचे. काढा म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

आतोबा म्हातारपणाने गेले तेव्हा ती मुंबईहून आली. घर माणसांनी भरलं होतं. कोणी खोकत होतं, कोणी आपल्या दुखण्याचं सांगत होतं. तिने कोणाला काही विचारलं नाही. प्रार्थना संपल्यावर ती दिसेना म्हणून मी शोधत त्या खोलीत गेलो. पिकल्या केळ्यांचा वास सुटला होता आणि ती पेशंटच्या बाकावर एकटीच बसली होती. हातात तो स्टेथोस्कोप होता, रबर पार कडक होऊन गेलेला. मी शेजारी बसलो.

"ह्याने मी पपांनाच एकदा तपासायला हवं होतं रे," ती म्हणाली. "त्यांना किती आवडलं असतं."

बाहेर माणसं वाट बघत होती, पण आम्ही बराच वेळ तिथंच बसून राहिलो.