जनरेटरपुढची उदबत्ती

गेल्या मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि तासाभराने बाबा मोरीच्या दारात बसलेले सापडले. घामाने निथळत होते आणि मला ओळखत नव्हते. सलाइन लागलं, बरे झाले; पण या वयात अमरावतीचं ऊन पुन्हा असं लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून पंखा जरा हळू झाला तरी मी बाबांच्या खोलीत धावते. आमच्या इन्व्हर्टरवर कूलर फार वेळ टिकत नाही. म्हणून यंदा होळीआधीच ठरवलं, अकोल्याहून जनरेटर आणायचा आणि येताना एक मुक्काम तंबूत करून तो तपासायचाही. बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. प्रवास म्हटल्यावर त्यांना मागे ठेवणं शक्यच नव्हतं.

निघण्याआधी मी वहीत काळज्या लिहून काढल्या. किती वॅटचा, किती वजनाचा, पेट्रोल कुठे ठेवायचं, चोरीला गेला तर, आवाजावरून शेजारी भांडले तर. एकूण एकोणीस भरल्या. बाबा म्हणाले, "एवढी चिंता त मी घाटात ब्रेक गेल्यावरही नाही केली."

तुम्हीही जाणार असाल तर सकाळी सहालाच निघा, उन्हाच्या आत पोचाल. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला असा चांगला रुंद रस्ता आहे, दोन तास पुरतात. मूर्तिजापूरला तर्री-पोहे खाल्ले, पोह्यांवर झणझणीत तेलकट रस्सा. बाबांच्या ताटलीतली अर्धी तर्री मी काढून घेतली, त्यावर ते अकोल्यापर्यंत कुरकुरत राहिले.

अकोल्यातल्या जनरेटरवाल्या रहीमचाचांचं दुकान बाजारात आहे, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. मी वही उघडली. त्यांनी ती हळूच मिटवली.

"ताई, पयले सांगा, याच्यावर चालवाचं काय?"

"कूलर. आणि दोन पंखे."

"मंग लय मोठा कायले घेता? फक्त कूलरची मोटर सुरू होताना झटका मारते, तेवढी जागा ठेवा."

त्यांनी तीन जनरेटर चालवून दाखवले. सगळ्यात स्वस्त होता तो असा गरजला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. शेवटी कमी आवाजाचा, मला एकटीला उचलता येईल असा घेतला. किंमत जवळजवळ दुप्पट. चाचांनी समजावलं: घरात नाही, गॅलरीत नाही, बाहेर उघड्यावरच ठेवायचा. घराच्या बोर्डात वायर खोचायची नाही, कूलर थेट त्यालाच जोडायचा. प्रवासात टाकी रिकामी हवी. गाडीची डिकी लावताना ते म्हणाले, "आन ताई, घरी चालू कराच्या आदी उदबत्ती लावजा. भुलू नोका."

मला गहिवरून आलं. नव्या यंत्राची पूजा आपण करतोच, पण चाचांनी ते आठवणीने सांगावं! मी मान डोलावली.

अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका संत्र्याच्या बागेत तंबू मिळाला. जंगलात असला आवाज न्यायचाच नाही, म्हणून खासगी शेत निवडलं. जेवणात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. जनरेटर बांधावर लांब ठेवला, तंबूतला पंखा फिरला, धूर वाऱ्याबरोबर निघून गेला. मी वहीतल्या बारा काळज्यांवर काट मारली आणि बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी अंजनगाव, परतवाडा करत दुपारी घरी आलो. ऊन तापलं होतं. बाबा कूलर लावून खाटेवर आडवे झाले. मी जनरेटर मागच्या अंगणात त्यांच्या खिडकीखाली ठेवला. तिथे सावली होती, भिंतीला साखळीने बांधता येत होता आणि जागाही उघडी होती. हळदीकुंकू वाहिलं, उदबत्ती लावून शेजारी खोचली आणि लाइट असली तरी एकदा चालवून बघावा म्हणून दोरी ओढायला वाकले.

"अवं पोरी," आतून बाबांचा आवाज आला, "उदबत्ती बाहेर लावली न? मंग वास आत काहून येऊन राहिला?"

मी वर पाहिलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जाऊन वाकत होता आणि खिडकीतल्या कूलरच्या जाळीत शिरत होता. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, हे लहानपणापासून माहीत असलेलं मला त्या क्षणी कळलं. मी दोरी सोडून दिली. जनरेटरच्या धुरातल्या ज्या वायूने माणसं झोपेतच जातात, त्याला वास नसतो. तो मी बाबांच्या उशाशी सोडणार होते. माझ्या एकोणीस काळज्यांत कूलर कुठेच नव्हता.

मी रडतच चाचांना फोन लावला. "मले वाटलं, तुमी पूजेचं सांगून राहिले!"

"पूजाही करा न, ताई," ते म्हणाले. "मी त धूर कुठी जाते ते पाहाले सांगतलं होतं."

आता जनरेटर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. लांब जाड वायर घेतली, बाबांच्या खोलीत विषारी वायूचा अलार्म बसवला. तुम्ही घेणार असाल तर हा खर्च आधीच धरा. भीती गेली का विचाराल, तर नाही गेली. दुपारी लाइट गेली की कूलर इन्व्हर्टरवर चालू असतानाच मी आधी उदबत्ती घेऊन त्या टोकाला जाते, धूर पाहते आणि तिथूनच ओरडते, "बाबा?"

"नाही येऊन राहिला वास," खोलीतून उत्तर येतं, आणि मगच मी दोरी ओढते.