केरसुणीला नमस्कार, मला सॉरी

वकिलांच्या व्हरांड्यात मी ओणवी होऊन फरशी पुसत होते. मंगळवेढ्याहून आलेल्या पाहुण्या वहिनी घाईनं बाहेर आल्या आणि त्यांचा जोडव्यांचा पाय माझ्या बोटांवर पडला. "अगंबाई!" म्हणून त्या वाकल्या. पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, ही आपल्याकडची रीत. हात माझ्या खांद्यापर्यंत आलाच होता. वकिलीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"वहिनी, शिवताय कुठं तिला? पुन्हा आंघोळ करावी लागेल. नुसतं सॉरी म्हणा की."

हात मागं गेला. "सॉरी," वहिनी म्हणाल्या.

आणि मी? मी खूश! बाहत्तर-त्र्याहत्तरचं साल. सोळा वर्षांची घोडी, अक्कल शेळीची. माझ्याशी कुणीतरी इंग्रजी बोललं! वकिलांच्या लेकीच्या तोंडून तो शब्द मी आधीच उचलला होता. घागर आपटली, घागरीला सॉरी. वाटेत कोंबडी आडवी आली, तिलाही सॉरी. आता खुद्द मला मिळाला. बोटं सुजलेली आणि मान मोराची.

घरी आयला ऐटीत सांगितलं. आय गिरणीत झाडकाम करायची. तिनं माझी बोटं हातात घेतली.

"आन् हात?"

"कसला हात?"

"नमस्काराचा गं. त्यो कुटं गेला?"

हातातला घास मी परत ताटात ठेवला.

मग मी बघत राहिले. काम करताना, कप विसळताना. माझा कप वेगळा, खिडकीबाहेरचा. तो रोज बघत होतेच, पण आता दिसायला लागला. वकिलांची लेक मैत्रिणींनाही सॉरी म्हणायची, पण गळ्यात हात टाकून. माझ्या वाटेला आला की तोच शब्द लांब काठी व्हायचा. कशात लक्ष लागेना. जीव नुसता तडफडायचा.

एकदा ती लेक धावत आली. एक पाय खाली पडलेल्या केरसुणीवर, एक माझ्या पायावर. ती वाकली. केरसुणीला हात लावला, कपाळाला लावला.

मला म्हणाली, "सॉरी हं."

केरसुणी लक्ष्मी. मी कोण?

"ताई, पाय मलाबी लागलाय," मी म्हणाले.

वकिलीणबाई आतून ओरडल्या, "सॉरी म्हणाली ना ती? एवढं इंग्रजी कळत नाही?"

"कळतंय की, बाई. आता लई चांगलं कळतंय."

फडकं बादलीत टाकलं. खिडकीबाहेरचा कप उचलून त्यांच्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि निघाले. काम गेलं.

परवा कॉलेजातली नात सांगत होती, "आज्जी, सॉरी हा शब्द म्हणे जखमेच्या, दुखण्याच्या जुन्या शब्दातून आलाय." मी हसले. दुखणं आमचं, शब्द त्यांचा, असंच ना गं?

नातीचा पाय लागला तरी मी म्हणते, हात लाव आधी. लांबून फेकलेली माफी मी तेव्हापासून उचललेली नाही. उचलणारही नाही.