पिंगळीचं घर घेतलं ते असं

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे डाळ शिजवली. पिंगळीच्या टेसनाबाहेर, एका परक्या घराच्या आडापाशी, तीन दगडांची चूल मांडून. ती चुलीपाशी बसली होती, मी काटक्या मोडून देत होतो. धूर माझ्याच तोंडावर येत होता. ती म्हणाली, "सरकून बसा की. धूर काय तुमचा पावणा हाय, उठून जायाला?" मी सरकलो नाही. मला भीती वाटत होती आणि हाताला काम पाहिजे होतं.

भीती कशाची ते सांगतो. गावाकडच्या भावांनो, तुमी मला तीन वर्षं विचारता की आबा, जिंतूर रस्त्यावरचं चांगलं घर सोडून त्या पिंगळीला का जाऊन बसलात. आणि माझ्यासारखे गाव सोडून इकडं आलेल्यांनो, तुमच्यातले काही मला जबान फिरवलेला माणूस म्हणतात. दोघांनीही ऐका. मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. लिहिताना चुकेल ते चुकेल.

आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमी गाव सोडलं. आमी जिंतूरकडचे, मेंढरंवाले. निघायच्या सकाळी कळप धाकट्या भावाच्या, किसनच्या हवाली केला. मेंढरं त्याच्यामागं रानात निघून गेली, एकानंही मान वळवून बघितलं नाही. मला ते लागलं. ती हसली. म्हणाली, "बकरू काय रडत बसल व्हय तुमच्यासाठी?" मोटार आली तेव्हा कंडक्टर म्हणाला गाठोडी टपावर टाका. तिनं एक गाठोडं टाकलं आणि डाळ शिजवायचं जर्मनचं भगुनं मांडीवर घेऊन बसली. परभणी येईपर्यंत ते तिनं खाली ठेवलं नाही.

आमी आलो ते नातीसाठी. आमचा एकुलता दत्तू परभणीला कापसाच्या जिनिंगमधी फिटर होता. कारखान्याच्या मागच्या गल्लीत त्याची भाड्याची खोली. खिडकी उघडली की रुई आत, लावली की जीव गुदमरतो. भाकरीवर रुई, अंथरुणावर रुई. चंपी तीन वर्षांची, खोकून खोकून निळी पडायची. तिच्या आधीचं एक पोर त्याच खोलीत खोकून गेलं होतं. डॉक्टरनं सून कौसल्येला स्पष्ट सांगितलं होतं, पावसाळ्याच्या आत पोरीला इथून हलवा, नाहीतर माझ्याकडं आणू नका. म्हणून घर पाहिजे होतं. शहराच्या बाहेर, पण असं की दत्तू रोज सकाळच्या भोंग्याआधी कारखान्याच्या फाटकात पोचला पाहिजे. त्याला रजा मिळत नव्हती. घर बघायचा जिम्मा आमा म्हाताऱ्यांवर आला.

आता सोपानचं सांगतो. सोपान आमच्याच गावचा, लांबच्या नात्यानं भाचा. जिंतूर रस्त्याला शहरापासून तीन मैलांवर नवी वस्ती पडत होती, तिथं त्यानं लागून दोन घरं बांधली होती. एकात तो राहायचा, दुसरं विकायचं होतं. दत्तूला सायकलवर अर्धा तास. गुरुवारी मी एकटाच बघायला गेलो. ओट्यावर बसलो, तेवढ्यात जिंतूरची मोटार दारावरनं गेली. तोच कंडक्टर. मला ओळखून त्यानं हात केला आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो. खरं सांगतो, मी घर बघितलंच नाही. भिंत बघितली नाही, पाणी बघितलं नाही. मी रस्ता बघितला. इथं राहिलं तर रोज दोनदा गावाकडची मोटार दिसेल, मनात आलं की चढता येईल, एवढंच डोक्यात बसलं.

सोपाननं अडकित्ता काढला. चार शेजारी ओट्यावर होतेच. त्यानं विचारलं, "मामीला इचारायचं न्हाई का, मामा?"

मी म्हणालो, "तिला काय इचारायचं? मी मनल तिथं ती बसती."

त्यानं सुपारी फोडली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. आमच्यात चार माणसांसमोर सुपारी फुटली की व्यवहार झाला. कागद नंतर होतो, जबान आधी जाते. मी सुपारी खाल्ली.

ती मी म्हणेन तिथं बसते, हे मी बोललो ते धादांत खोटं होतं. चाळीस वर्षं आमी कळप घेऊन फिरलो, पण रोज कुठं उतरायचं ते तीच ठरवायची. माझा बाप मेंढरांचा वाडा टाकायच्या आधी एकच विचारायचा, "पाणी कुणी बघितलं?" आणि ते काम तो सुनेलाच सांगायचा. ती पाण्याकाठी तीन दगड मांडायची, मूठभर तुरीची डाळ त्याच पाण्यात शिजायला टाकायची. डाळ मऊ झाली तर मुक्काम. दाणा बोटाखाली कडक लागला तर उठा, ऊन उतरायच्या आत पुढं चला. तसल्या पाण्यानं माणसाचं पोट बिघडतं आणि लेकराचं आधी. कितीदा मी दमून शिव्या दिल्या. ती उठायची आणि भगुनं डोक्यावर घेऊन चालायला लागायची. मग मलाही चालावंच लागायचं.

सुपारीचं मी घरी कुणाला बोललो नाही. म्हटलं, तिला घर दाखवतो, पसंत पडेल, मग सांगतो. मंगळवारी निघालो. पदराच्या गाठीत तिनं डाळ बांधून घेतली तेव्हाच मला कळलं, ती पाणी बघणार.

सोपानच्या विहिरीचं पाणी तिनं चुळकाभर तोंडात घेतलं. दगड मांडले. सावली हातभर सरकली, डाळ होती तशीच. आणखी हातभर सरकली. वर राखेसारखा फेस आला आणि खाली दाणे खड्यासारखे. सोपानची बायको हसत म्हणाली की मामी, डाळ जुनी असल. ती म्हणाली, "डाळ माज्या रानातली हाय बाई, जुनी मी हाय." सोपानला राग आला होता. आमी पाच वर्षं हेच पाणी पितो, काय मेलो का, असं त्यानं विचारलं.

"तुमी थोर हाव बाबा, दगड पचवाल," ती म्हणाली. "मी तीन वर्षाच्या लेकराचं बघायलेय."

सोपान माझ्याकडं बघत होता. मी सुपारीचं बोलेन म्हणून वाट बघत होता. मी जाळ कमी हाय, ओली लाकडं हायेत, असं काहीतरी पुटपुटलो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी कधी तिच्या चुलीबद्दल बोललो नव्हतो. तिनं अर्धकच्ची डाळ कुत्र्याला टाकली, भगुनं राखेनं घासलं आणि विचारलं, दुसरं घर कुठं हाय.

दुसरं म्हणजे पिंगळी. दत्तूच्या सोबतच्या कामगारानं सांगितलेलं. परभणीहून पूर्णेकडं जाताना पहिलं टेसन. म्हणजे आमच्या गावापासून आणखी उलट्या दिशेला. गाडीत ती खिडकीपाशी बसली आणि मी तिच्यासमोर चोरासारखा.

घर दोन खोल्यांचं, माळवदाचं, मागं आड. घरवाली गंगूबाई लेकाकडं हैदराबादला जाणार होती म्हणून विकत होती. दोघी बायका आडापाशी बसल्या आणि माझ्या बायकोनं तिची पुरती उलटतपासणी घेतली. सकाळची गाडी कितीला. उशीर किती करते. भोंग्याआधी पोचवते का. इथून किती माणसं कामावर जातात. शाळा कुठं. पावसाळ्यात आडात गढूळ उतरतं का. गंगूबाईचा मालकही आधी जिनिंगमधी होता. ती म्हणाली, "पंचवीस वर्सं सकाळच्या गाडीनं गेला आन सांजच्या गाडीनं कुरकुरत आला. उशिरा आला, पर रोज आला." दोघी हसल्या. शेजारच्या अंगणात चार पोरी मातीत लोळत होत्या, एकही खोकत नव्हती.

डाळ बघता बघता फुटली. मी दुसरी मोळी मोडेपर्यंत दाणा विरघळून पाणी पिवळं झालं. तिनं मीठ टाकलं, गंगूबाईनं मिरची आणि भाकरी दिली. आमी तिथंच खाल्लं. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "हितं राहायचं. चंपीला हितं वाढवायचं."

मी म्हणालो, "बघू."

"बघू न्हाई. माज्याकडं बघून सांगा."

मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "बरं. हितंच." मनात होतं की घरी जाऊन काहीतरी सांगू, गंगूबाईनं नकार दिला म्हणू. चाळीस वर्षांत मी तिच्याशी भांडलो, हातही उगारला एकदा, पण तोंडावर खोटं बोललो ते त्या दिवशी. तिला ते खरं वाटलं. परतताना गाडीत ती चंपीसाठी आडाला कठडा किती उंच करायचा ते हातानं दाखवत होती.

घरी आल्यावर कौसल्येला म्हणाली, जागा सापडली, उद्या सांगते, आता छातीत भरून आल्यासारखं व्हायलंय, जरा पडते. सकाळचा पहिला भोंगा झाला तरी ती उठली नाही. कौसल्या हलवायला गेली आणि किंचाळली. एवढंच. आजार नाही, दवाखाना नाही.

दुपारी आमी तिला पोचवलं. गावाकडनं कुणी येऊ शकलं नाही, सोपान आला. त्यानं खांदा दिला, लाकडं रचली, पडेल ते काम केलं. हे मी नाकारत नाही. सगळं उरकल्यावर तो दत्तूपाशी येऊन बसला. म्हणाला की घराची काळजी करू नको, मामाची माझी सुपारी फुटलेली आहे, तेरावा झाला की कागद करू. दत्तूला काहीच माहीत नव्हतं. रडून त्याचे डोळे सुजले होते. त्यानं मला विचारलं, "बा, मायला पसंत पडलं व्हतं का ते घर?"

चार माणसं बघत होती. सोपान बघत होता. तिनं पिंगळीचं म्हटलं ते ऐकणारा मी एकटा. गंगूबाई परकी, तिला कोण विचारणार. मी गप्प राहिलो तर माझी जबान राहत होती, सोपानचं नातं राहत होतं, दारावरनं जाणारी गावाची मोटार मिळत होती. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. दत्तू म्हणाला, मग झालं.

आता तीन वर्षांनी तुमी विचारता, आबा, तुमचं घर कोणतं. पत्र पाठवायचं तर पिंगळी लिहा. पण मला अजून झोपेतनं उठलो की कळप मोकळा सोडायचा आहे असं वाटतं, आणि मग पूर्णेकडची गाडी शिट्टी मारते. चंपी शाळेत जाते, पाढे माझ्यापेक्षा बरे म्हणते. दत्तू गाडीला शिव्या देत जातो. गावाकडं मी तीन वर्षांत दोनदाच आलो. मला तिकडची आठवण येत नाही असं समजू नका, लय येते. पण तिनं ठरवलेल्या मुक्कामावरनं मी आधी कधी एकटा उठलो नाही, आता कसा उठू. एका दिवसासाठी उठलो होतो, तेवढं पुरं झालं.

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता जिंतूर रस्त्यानं तीन मैल चालत गेलो. सुतकात माणूस दुसऱ्याच्या दारात जात नाही, हे मला कळत होतं. मी रस्त्यावरच उभा राहून हाक मारली. सोपान बाहेर आला, शेजारीही आले.

मी म्हणालो, "सोपान, तुजी सुपारी मी तिला न इचारता खाल्ली. तिनं हितलं पाणी बघितलं आन न्हाई मनली. काल मसनात मी मान हलवली ती खोटी. घर घेत न्हाई."

त्यानं शेजाऱ्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "मामा, आजपासून जिंतूरपत्तर तुमच्या शब्दाला कोन इचारल?"

मी म्हणालो, "कुनी इचारू नये."

परत आलो तेव्हा दत्तू उंबऱ्यात बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सुपारी, डाळ, पिंगळी, ती काय म्हणाली आणि मी काय म्हणालो, सगळं. तो माझ्याकडं असा बघत होता की मारतो का काय. "कालच का न्हाई सांगितलं?" एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, भ्यालो.

आत चंपी खोकत होती. दत्तू उठला, पायात वहाणा घातल्या आणि माझ्यापुढं टेसनाकडं चालायला लागला. तिकिटाच्या खिडकीपाशी मी बाबूला म्हणालो की मला सुतक आहे, हात लावू नका. पैसे फळीवर ठेवले आणि पिंगळीची दोन तिकिटं मागितली.