कॅनला बांधलेलं जाळं

फोन आला तेव्हा मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उकिडवा बसून गाडीची चेन पुसत होतो. फोन जावयाचा होता. दीपेश एरवी आधी 'जेवलात का' असं विचारतो, मग सकाळचे आठ का वाजलेले असेनात. त्या दिवशी त्याने ते विचारलं नाही. "बाबा, अप्पा गेले," एवढंच म्हणाला. रविवार होता, ओहोटी बघून आम्ही दोघे व्याही राजोडीच्या वाळूवर गाडी काढणार होतो, त्यामुळे मला वाटलं हा माणूस उतावीळपणाने पुढे निघाला. "अरे, मला न घेता कुठे गेले?" असं मी चांगलं रागावून विचारलं. पलीकडे पोरगा रडायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीखाली अप्पा बसले होते, बसल्या बसल्याच कलंडले... आणि ती बातमी मला सांगणाऱ्या त्यांच्या मुलावर मी डाफरलो होतो. या माणसाच्या बाबतीत माझं शेवटपर्यंत असंच होत गेलं. शरमेने मान खाली जावी असं काहीतरी माझ्या हातून व्हायचं, आणि सावरून घेण्याची पाळी त्यांच्यावर यायची.

अप्पा म्हणजे हरेश्वर, माझ्या मुक्ताचे सासरे, अर्नाळ्याचे, बोटीवर जन्म काढलेले. मी मूळचा साताऱ्याकडचा, विमा कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेला, विरारला दोन खोल्यांचा मालक. मुक्ताने कोळ्याचा मुलगा पसंत केला तेव्हा मी कडाडून विरोध वगैरे केला नाही. आम्ही सुधारलेली माणसं. मी फक्त दोन महिने घरात कमी बोललो आणि मग 'मुलीच्या सुखासाठी' तयार झालो. लग्नात हरेश्वरांनी मानपान काही घेतला नाही. वर मलाच वाकून नमस्कार केला, सगळ्या मांडवासमोर, मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला. आमच्याकडची मंडळी तोंडात बोट घालून बघत राहिली. मी आशीर्वाद दिल्यासारखा हात वर केला होता. त्या फोटोत माझ्या तोंडावर जे उपकार केल्याचे भाव आहेत, ते आता बघवत नाहीत.

गाडीचं खूळ त्यांचं. राजोडीला एका रिसॉर्टवाल्याकडे शहरातून येणाऱ्यांना वाळूवर फिरवून आणायला पूर्वी एक डर्ट बाईक होती, जपानी, जुनी, टू-स्ट्रोक. ती बिघडली तशी त्याने मागच्या शेडमध्ये टाकून दिली होती. हरेश्वरांनी पाहिली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. कोंबडीला पिल्लं झाल्यावर ते गाडी घेऊन आले. त्यांना स्कूटरदेखील धड चालवता येत नव्हती. "आखा जनम पान्यावर चाललो, पावनं," ते मला म्हणाले. आम्ही एकमेकांना पाव्हणंच म्हणायचो, मी सातारी थाटात आणि ते आपल्या बोलीत. "आता एकदा वालूवर चालवाची हाय. ते पन जोरात." अर्नाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात आणखी गंजेल म्हणून गाडी आमच्या पार्किंगमध्ये ठेवायची ठरली. मला पाना आणि पकड यांतला फरक कळत होता, इतकंच. त्यांना बोटीचं डिझेल इंजिन पाठ होतं आणि या इंजिनाचा ओ की ठो ठाऊक नव्हता. असे आम्ही दोन म्हातारे विद्यार्थी. दर रविवारी ते रिक्षाने यायचे, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी असायचं, कधी स्पॅनर, कधी सुका जवळा. मुक्ताची आई वरून हाक मारायची, "चहा टाकलाय, काळे हात धुऊन या."

पहिला पराक्रम त्यांचा. गंज घासून झाला, रंग द्यायचा होता, मी दोन दिवस साताऱ्याला गेलो. परत आलो तो गेटवरच वॉचमन नाक धरून उभा. बोटीच्या फळ्यांना खारं पाणी लागू नये म्हणून मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल चोळतात. हरेश्वरांनी ते तेल गाडीच्या सांगाड्याला, हँडलला, स्पोकला, अगदी मायेने चोळून ठेवलं होतं. सोसायटीतली झाडून सगळी मांजरं गाडीभोवती समाधी लावून बसलेली. सेक्रेटरीने मला लिफ्टमध्ये गाठलं आणि वास माझ्याच अंगाला येतोय हे लक्षात येऊन तो एक मजला आधीच उतरला. मी संतापलो होतो. हरेश्वरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "माजी होडी बघा. बापाच्या वेलची हाय. कुठं कुजली?" साबण, रॉकेल, लिंबू, सगळं करून झालं. पावसाळी हवेत तो वास अजून येतो. आता मला त्याचा राग येत नाही.

नालासोपाऱ्याच्या एका मेकॅनिकने इंजिन खोलून, बसवून दिलं आणि आम्हा दोघांना समोर उभं करून बजावलं, "अंकल, पेट्रोल में ऑइल मिला के ही डालने का. नहीं तो गया." टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं तेल हेच त्याचं वंगण. हरेश्वरांना हे पटता पटेना. बोटीवर डिझेल वर आणि तेल खाली, ही दोन एकत्र झाली की इंजिन मेलंच म्हणायचं. "दुधात कोन मासली शिजवते का?" असं ते रिक्षात विरारपर्यंत म्हणत राहिले. तरी त्यांनी ऐकलं. गाडी सुरू झाली तेव्हा निळ्या धुराने पार्किंग भरलं, आम्ही खोकत खोकत एकमेकांना मिठी मारली. त्या धुराची मात्र त्यांना लाज वाटायची. "म्हातारा बिडी वढते तशी दिसते," म्हणायचे.

मग गेल्या नारळी पौर्णिमेला त्यांनी गाडी अर्नाळ्याला न्यायची ठरवली. बोटींची पूजा होते, तशी हिचीही. बंदरावर मिरवणुकीच्या पुढे सोनेरी कागदातला नारळ, मागे बँड, नटलेल्या बायका, आणि बाजूने ही गाडी. दीपेश चालवणार, हरेश्वर शेजारून चालणार. गाडीला झेंडूचा हार घातला. किक मारली आणि काय आश्चर्य, धूर नाही! स्वच्छ. हरेश्वरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मिरवणूक बंदराच्या वळणावर आली आणि इंजिनाने एक किंचाळी फोडली, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि दीपेश हारासकट आडवा झाला. त्याला लागलं नाही. पण बँड थांबला. सगळं गाव गोळा झालं. कोणीतरी टाकीचं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून चोळलं. "ह्याच्यान तेलच नाय," तो म्हणाला. "कोनी भरला पेट्रोल?"

मी हरेश्वरांकडे पाहिलं. सणासुदीला देवासमोर, बायकामुलांसमोर गाडीने धूर ओकू नये म्हणून त्यांनी निव्वळ पेट्रोल घातलं होतं. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावर सगळं होतं. अख्ख्या बंदरावर ज्याच्याकडे लोक इंजिनाचं विचारायला येतात तो माणूस, पांढऱ्या सदऱ्यात, मान खाली घालून उभा. तोंड उघडायला लागला तोच मी पुढे झालो. "माझी चूक. पेट्रोल मी भरलं." हशा पिकला. "सायबांनी इंजिनाला उपास घडवला!" कोणीतरी ओरडलं. मीही हसलो. मला फार छान वाटत होतं. व्याह्याची लाज राखली, आपण काय, पाहुणे माणूस, दोन घटका हसतील आणि विसरतील. परतीच्या वाटेवर मी बायकोला हे दोनदा रंगवून सांगितलं.

त्या दिवसापासून हरेश्वर यायचे बंद झाले. गाडी टेम्पोत घालून दीपेशने आणून पार्किंगमध्ये लावली. फोन केला तर "बोटीवर हाय" म्हणायचे. मला राग आला. एवढं केलं या माणसासाठी, आणि साधं बोलत नाही? गणपती गेले, दिवाळी गेली. मुक्ता एकदा म्हणाली, "अप्पा हल्ली बंदरावर जात नाहीत. इंजिनाचं विचारायला कोणी आलं तर मला विचारू नका म्हणतात." तेव्हाही माझ्या मठ्ठ डोक्यात काही शिरलं नाही.

पुढचं मला दीपेशने सांगितलं. गावच्या जमातीची बैठक होती, डिझेलबद्दल काही चर्चा होती. ती संपत आली तसे अप्पा उठले आणि म्हणाले, पुनवेच्या दिशी बिनतेलाचा पेट्रोल मी भरला हुता. माज्या पावन्याने माजी लाज आपल्या डोक्यावर घेतली, आनि मी घेऊ दिली. कोणाला हसावं की काय करावं कळेना. शेवटी एक म्हातारा हसला, मग सगळे हसले, आणि सगळ्यांचं हसून होईपर्यंत अप्पा उभेच राहिले.

पुढच्या रविवारी ते पार्किंगमध्ये हजर. सुका जवळा नाही, स्पॅनर नाही, हात रिकामे. मी काहीतरी जुजबी बोलायला लागलो तर म्हणाले, "पावनं, लाज उसनी घेत नाय. माजी हुती, मीच ठेवाला पायजे हुती. तुमी कशाला घेतली?" मी म्हणालो, तुमच्या मानासाठी. त्यांनी विचारलं, "माजा मान तुमच्याजवल कवापासून?"

ते भांडायला आले नव्हते. विचारून झाल्यावर त्यांनी बाह्या वर केल्या आणि ते टाकीचे नट सोडवायला बसले. मी मात्र तिथेच उभा राहिलो. मांडवात हात वर करणारा आणि बंदरावर पुढे होणारा माणूस एकच होता, हे मला त्या क्षणी दिसलं. मुलगी दिली तेव्हाही मी उपकार केले होते आणि खोटं बोललो तेव्हाही. हे लोक आपले आपण चूक कबूल करू शकतात, लोकांचं हसू अंगावर घेऊ शकतात, एवढीसुद्धा ऐपत मी त्यांच्यात धरली नव्हती. मला माफी मागायची होती. मी विचारलं, "दहाचा पाना देऊ का?" ते म्हणाले, "बाराचा."

पिस्टन नवा बसला, सिलिंडर आतून घासून पुन्हा बोअर करून घेतला. या खेपेस त्यांनी आम्हा सगळ्यांना, मुक्ता-दीपेशलाही, एक रीत घालून दिली. पेट्रोलात ते हिरवं तेल मिसळलं की कॅन चांगला घुसळायचा आणि जुन्या जाळ्याची एक चिंधी कॅनच्या मुठीला बांधायची. चिंधी असली म्हणजे तेल आहे. कॅन रिकामा झाला की चिंधी सोडायची. "मंग कोनी कोनाला इचाराचा नाय," ते म्हणाले. मी एकदा गंमतीने म्हटलं, चिंधी बांधली आणि तेल विसरलात तर? ते हसले नाहीत. "जालं बांदला म्हनजे बांदला." मी कान पकडले.

होळीनंतर गाडी पुन्हा सुरू झाली, बिडी ओढत. हरेश्वर पार्किंगच्या उतारावर चालवायला शिकले, पाय दोन्ही बाजूंना सोडून, आणि खांबाला धडकायच्या आधी ब्रेक न मारता "हो हो हो" असं ओरडायचे, बोट थांबवायला ओरडावं तसं. राजोडीचा रविवार ठरला. शुक्रवारी येऊन त्यांनी पेट्रोल तयार करून ठेवलं. मी बँकेत गेलो होतो, आमची भेट झाली नाही.

आता काही आठवडे झाले. गाडी तिच्या जागी आहे. लोक भेटायला येतात, 'तुम्ही दोघांनी मिळून उभी केलीत' म्हणतात, आणि मी मान डोलावतो. परवा मुक्ता माहेरी आली होती. म्हणाली, "बाबा, हे म्हणतात तुम्ही एकदा वाळूवर न्या. अप्पांचं राहिलं." मला पटलं. मी खाली गेलो. खांबाच्या मागे पांढरा कॅन होता, तोंडापर्यंत भरलेला. मुठीला निळ्या जाळ्याची चिंधी, त्यांची ती खलाशी गाठ, ओढली की आणखी घट्ट होणारी. मी कॅन घुसळला, झाकण काढलं. टाकीत ओतायला वाकवला आणि थांबलो. नवा पिस्टन आहे... माणूस थकलेला होता... शुक्रवारी बरंही नव्हतं म्हणे. वरून एक काचेचा पेला आणला. त्यात थोडं ओतून उजेडाला धरलं.

हिरवट. अगदी व्हायला हवं तसं.

पेला तसाच हातात होता आणि मुक्ता कधी खाली येऊन माझ्यामागे उभी राहिली मला कळलं नाही. "काय बघताय?" तिने विचारलं. 'काही नाही' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळले. म्हणालो, "तेल घातलंय का बघत होतो."

ती पेल्याकडे बघत राहिली, मग कॅनकडे.

"जाळं बांधलेलं होतं ना, बाबा?"

"होतं," मी म्हणालो.