रॉटरडॅममधली अमेरिकन ज्यूरी

विमान खाली येऊ लागलं तेव्हा ढगांखालून सगळा ओला, सपाट मुलूख वर आला. शेत, कालवा, पुन्हा शेत, पुन्हा कालवा. निघताना मुंबईच्या विमानतळावर माझ्या धाकट्या बहिणीने शेवटचा हल्ला चढवला होता. "ताई, साठी उलटली तुझी. सगळं जग घरात दडी मारून बसलंय आणि तू निघालीस अमेरिकेची कोर्टं शिकवायला, तीही हॉलंडात! काय नडलंय?"

नडलं काहीच नव्हतं. आदल्या वर्षी हाच अभ्यासक्रम मी पुण्यातल्या माझ्या खोलीत बसून संगणकावर शिकवला होता आणि पडद्यावरच्या काळ्या चौकोनांना व्याख्यानं देऊन अगदी विटले होते. त्यामुळे योस्टचा फोन आला, "या वेळी प्रत्यक्ष ये, खटला उभा करू," तेव्हा मी जराही भाव न खाता हो म्हटलं. योस्ट हा रॉटरडॅमच्या एका विद्यापीठात कायदा शिकवतो. तरुणपणी आम्ही दोघं अमेरिकेत एका वर्गात होतो. पुढे मी तिथल्या कोर्टात काही वर्षं उमेदवारी केली आणि मग पुण्याला येऊन लॉ कॉलेजात शिकवू लागले.

स्किपोलच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने माझे लशीचे आणि चाचणीचे कागद उलटेपालटे केले.

"कशासाठी आलात, मेव्ह्राऊ (बाई)?"

"अमेरिकन कायदा शिकवायला."

"इथे? आणि तुम्ही आलात भारतातून?"

"हो."

त्याने शिक्का मारला. "अमेरिकेत कुणी सापडलं नाही वाटतं," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मास्कच्या आत तो हसत होता की नाही, देव जाणे!

रॉटरडॅमला माझी खोली मास नदीच्या जवळ होती. खिडकीतून मालाच्या बोटी दिसत. त्या इतक्या संथ जात की चहा संपला तरी बोट खिडकीतच. नोव्हेंबर होता, साडेचारलाच अंधारून येई. बाहेर निघालं की वाऱ्याने छत्री उलटी व्हायची, म्हणून दोन दिवसांत मी छत्रीचा नाद सोडला. मुख्य म्हणजे सगळं अधांतरी होतं. पंतप्रधान मधूनमधून टीव्हीवर येऊन नवे नियम सांगत आणि वर्ग पुन्हा पडद्यावर जातात की काय, ही टांगती तलवार कायम डोक्यावर.

पहिल्याच तासाला पोरांनी मला "सुनंदा" म्हणून हाक मारली. पुण्यात माझ्यासमोर विद्यार्थी खुर्चीवर टेकतानाही विचार करतात! मी क्षणभर दचकले आणि मग म्हटलं, चला, नाव चांगलं आहे, वापरू देत. मी फळ्यावर अमेरिकेच्या कोर्टांचं चित्र काढलं. एका बाजूला प्रत्येक राज्याची आपली कोर्टं, दुसऱ्या बाजूला केंद्राची. तुम्हाला घरच्या भाषेत सांगायचं तर एकाच घरात दोन चुली. कुठला पदार्थ कुठल्या चुलीवर शिजणार यावरच निम्मे वकील पोट भरतात. एवढं मुलांना पटलं. ज्यूरीपाशी मात्र गाडी अडली.

"म्हणजे कायद्यातलं काही न कळणारी बारा माणसं ठरवणार, कोण गुन्हेगार ते?" लोटे नावाच्या उंच मुलीने विचारलं.

"हो. कायदा काय आहे ते न्यायाधीश सांगणार. काय घडलं, ते बारा जण ठरवणार."

"हा मूर्खपणा आहे," लोटे शांतपणे म्हणाली. डच माणूस असंच बोलतो. भांडायचं नसतं त्याला; मनात आलं ते तोंडावर सांगून मोकळा होतो आणि मग तुम्हाला कॉफी विचारतो.

"आमच्या देशालाही तसंच वाटलं, आम्ही ज्यूरी बंद केली," मी म्हटलं. "पण आधी करून बघा, मग नावं ठेवा."

तास संपल्यावर एक मुलगी रेंगाळली. तिशी ओलांडलेली, लोकरी टोपी, आणि तिचा पहिलाच शब्द, "नमस्कार मॅडम." ही मृणाल. मूळची नाशिकची. तिथल्या जिल्हा न्यायालयात तिने सहा वर्षं वकिली केली होती. नवरा आयटीत, त्याच्या नोकरीपायी ती इथे आली आणि तिची सनद पेटीत जाऊन पडली. डच भाषा शिकली, संसार केला, आणि आता या अभ्यासक्रमात तिने नाव घातलं होतं.

"मॅडम, जेवायचं काय करता?"

"इथल्यासारखंच. दुपारी चीज घातलेला थंड पाव."

"अगं बाई!" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मला मेथीचे पराठे मिळू लागले.

शनिवारी-रविवारी कोर्ट बंद, म्हणून मृणाल आणि मी एका मंगळवारी द हेगला गेलो, खऱ्याखुऱ्या डच न्यायालयात. प्रेक्षकांच्या बाकांवर एकाआड एक जागेवर पट्ट्या चिकटवलेल्या. मृणाल मागच्या बाकावरून माझ्या कानाशी वाकून सगळं मराठीत सांगत होती. एका बसचालकाने भांडणात कुणाच्या तरी गाडीचा आरसा फोडला होता. न्यायाधीशबाई समोरची फाईल उलटत त्यालाच विचारत होत्या, "का फोडलास? आता काय वाटतं?" ना आरडाओरडा, ना हरकती. तो खाली मान घालून बोलला, वकील थोडं बोलला, आणि तिथल्या तिथे निकाल! आपल्याकडे एवढ्या वेळात पुढची तारीखसुद्धा मिळत नाही.

बाहेर पडलो तर पोटात कावळे ओरडत होते. कॅफेच्या दारात तिथल्या मुलाने फोनवरचा लशीचा कोड मागितला. माझं लशीचं भारतीय प्रमाणपत्र त्याच्या यंत्राला काही केल्या रुचेना.

"माफ करा, आत नाही सोडता येणार," तो म्हणाला. "पण बाहेरच्या बाकावर कुणी बसलं तर मी काय करणार? सूप आणून देतो."

मग आम्ही दोघी ट्रामच्या थांब्याजवळ बाकावर बसून एर्तेनसूप (सुक्या वाटाण्याचं सूप, इतकं घट्ट की चमचा उभा राहतो) प्यायलो. तिथे मृणालने मनातलं काढलं. रॉटरडॅमच्या बंदराजवळ जहाजांच्या खटल्यांचं काम करणारी एक वकिलांची कचेरी होती. त्यांना अमेरिकन पक्षकारांच्या कामासाठी एक माणूस हवं होतं. तिथली भागीदार, कारीन नावाची बाई, आमचा वर्गातला खटला बघायला येणार होती आणि त्यातून एकाला निवडणार होती.

"मॅडम, ही शेवटची संधी. इतकी वर्षं अर्ज करतेय. हे नाही झालं तर वकिली विसरायची, असं मी ठरवलंय. दुसरं काहीतरी शिकेन."

"वेडी आहेस का?" मी म्हटलं.

"वेडी नाही, दमलेय."

तिचं इंग्रजी चोख, तयारी जबरदस्त. मला तर तिची निवड पक्कीच वाटत होती.

नियम आणखी कडक होणार अशी कुणकुण लागली, तसा योस्टने खटला आठवडाभर अलीकडे ओढला. मोठ्या व्याख्यानगृहात आम्ही अमेरिकन कोर्ट मांडलं. मी न्यायाधीश. योस्टचा काळा झगा मला मिळाला. तो सव्वासहा फुटी, मी पाच. पायरी चढताना झग्यात पाय अडकून मी न्यायासनावर जवळजवळ लोटांगणच घातलं. डाव्या हाताला ज्यूरीचे बारा जण, हातभर अंतर सोडून बसवलेले, लोटे त्यांच्यातच. शिवाय एक राखीव, अबोल, चष्मेवाला मुलगा. मागच्या रांगेत कारीन, हातात कॉफीचा कागदी पेला.

खटला असा: एका गावात बेकरीला आग लागली आणि ती समोरच्या बेकरीवाल्याने मत्सरापोटी लावली, असा आरोप. आरोप ठेवणारा वकील सान्डर नावाचा मुलगा, आरोपीची वकील मृणाल. सान्डर उठला, खिशात हात घालून ज्यूरीसमोर जाऊन उभा राहिला आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. आग लागायच्या आधी मागच्या दाराशी हा माणूस डबा घेऊन उभा होता, बस्स, एवढंच त्याने तीनदा सांगितलं.

मग मृणाल उठली. कोट सारखा केला, मला लवून अभिवादन केलं, "मे इट प्लीज युवर ऑनर" म्हणून सुरुवात केली, आणि बोलली. काय सुरेख बोलली! एकेक मुद्दा पारखून घेतलेला. पण सगळं माझ्याकडे बघून. ज्यूरीकडे तिने पूर्ण पाठ फिरवलेली! नाशिकच्या कोर्टात सहा वर्षं न्यायाधीशाच्या डोळ्याला डोळा लावून बोललेलं अंग ते; वर्गात ज्यूरीचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते, पण उभं राहिल्यावर अंगानं आपलंच केलं. बारा जण तिच्या पाठीकडे बघत बसले. एकाने जांभई दिली. कारीनने घड्याळ पाहिलं. माझा जीव नुसता तुटत होता.

दुपारच्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली. "मॅडम, कसं झालं? काही चुकतंय का? नुसती मान हलवून सांगा."

वर्गात मीच बजावून सांगितलं होतं, खटला चालू असताना न्यायाधीश एकाच बाजूच्या वकिलाशी बोलत नाही. सान्डर समोरच्या टेबलावर पाव खात होता.

"मृणाल, मी आत्ता तुझ्याशी बोलू शकत नाही."

"पण मॅडम, हा लुटुपुटीचा खटला आहे."

"असू दे. मी नाही बोलणार."

तिचे डोळे भरले. ती निघून गेली. योस्ट हळूच म्हणाला, "ही नोकरी तिच्या हातची जाणार." मी त्याच्यावर खेकसले, "मला डोळे नाहीत का?" त्या दिवशीचा पराठा तसाच डब्यात राहिला. परक्या मुलखात आपली एक पोर मदत मागते आणि आपण नियम दाखवतो! स्वतःचाच संताप आला होता मला.

दुपारी साक्षी झाल्या आणि समारोपाची भाषणं सुरू झाली. मृणाल उठली. पुन्हा माझ्याकडे तोंड, पुन्हा "युवर ऑनर". चार वाक्यं झाली असतील नसतील, ज्यूरीतून हात वर आला. लोटे!

"माफ कर, पण तू आमच्याशी बोलतेयस का? निकाल आम्ही देणार आहोत, ती नाही."

सान्डर ताडकन उठला, "हरकत आहे! ज्यूरर वकिलाशी बोलूच कशी शकते?"

हरकत बरोबर होती. "मंजूर," मी म्हटलं. लोटेला ज्यूरीतून काढलं आणि तिच्या जागी राखीव मुलाला बसवलं. बाकीच्यांना बजावलं की ऐकलं ते विसरा. लोटे जाताना पुटपुटली, "खरं तेच बोलले ना." मी गंभीर चेहरा ठेवून बसले होते, आतून तिचा पापा घ्यावासा वाटत होता.

मृणाल जागच्या जागी उभी होती. कानांच्या पाळ्या लाल. मग तिने हातातले कागद टेबलावर पालथे ठेवले, वळली, आणि बारा जणांसमोर जाऊन उभी राहिली.

"सकाळपासून मी तुमच्याकडे पाठ करून बोलले. चुकलं माझं," ती म्हणाली. "आता सोपं सांगते. बेकरीवाल्याच्या हातात डबा असतो. तेलाचा असतो, साखरेचा असतो. तो डबा घेऊन उभा होता, हे सान्डरने तुम्हाला तीनदा सांगितलं. डब्यात काय होतं, हे एकदा तरी सांगितलं का?"

एवढंच बोलून ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत थांबली. जांभईवाला सावरून बसला.

ज्यूरी शेजारच्या खोलीत गेली. बराच वेळ झाला. मग म्होरक्या बाहेर येऊन म्हणाला, "तडजोड झालीय. आरोपी अर्धा दोषी." सगळ्यांनी बसून मधला मार्ग काढायचा, याला इथे पोल्डरन म्हणतात, समुद्र मागे हटवणाऱ्या या देशाचा सगळा कारभार त्यावर चालतो.

"अर्धा दोषी नसतो," मी म्हटलं. "सगळ्यांचं एकमत हवं. परत जा."

पुन्हा आले ते चिडलेले. अकरा जण एकीकडे आणि तो राखीवातला चष्मेवाला एकटा दुसरीकडे. "डब्यात काय होतं ते मला कळलेलं नाही," एवढंच तो म्हणत होता. "आम्ही त्याला अर्ध्यावर आणू पाहिलं, तरी ऐकत नाही!" म्होरक्या माझ्याकडे तक्रार करत होता. मी खटला निकालाविना संपल्याचं जाहीर केलं. बेकरीवाला सुटला नाही, अडकलाही नाही.

कारीन सरळ मृणालपाशी आली. "सकाळी तू वाईट बोललीस. दुपारी चांगली बोललीस. मध्ये काय झालं?"

"मला एकीने तोंडावर सांगितलं."

"आमच्याकडे रोज सांगतील. चालेल?"

"चालेल," मृणाल म्हणाली.

"मग सोमवारी ये."

सगळ्यांनी तिला घेरलं. मी लांबून हात केला. तिनेही केला, पण माझ्याजवळ आली नाही. त्यानंतर पराठे आले नाहीत. मी खूप मन घट्ट केलं, तरी लागायचं ते लागलंच. थोड्याच दिवसांत विद्यापीठ बंद झालं आणि मी पुण्याला परतले.

परतल्यावर आठवडाभर घरातच कोंडून राहायचं होतं. बहीण दाराशी डबा ठेवी आणि बाहेरूनच विचारी, "मग, काय शिकवलंस?" मी म्हणे, दोन चुली, बारा माणसं, अर्धा दोषी. मुलं चांगली तयार झाली होती, यात मला शंका नव्हती. ज्यूरी हा मूर्खपणा आहे, असं लोटेने शेवटच्या पेपरातही लिहिलं, पण त्यासाठी तिने दिलेली कारणं इतकी पक्की होती की मी तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले.

मृणालचा फोन आला तो उन्हाळ्यात. काम जोरात होतं, अमेरिकेतले पक्षकार आता थेट तिलाच गाठत होते. हे सगळं सांगून झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

"मॅडम, त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. घरी येऊन खूप रडले. आपल्या माणसाने एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं, असं वाटलं."

"बरोबरच होतं तुझं," मी म्हटलं.

"नाही मॅडम, ऐका. तुम्ही सांगितलं असतंत ना, तर मी वळले असते. पण तुम्ही सांगितलं म्हणून वळले असते. आणि वळल्यावरसुद्धा, बरोबर उभी आहे ना, म्हणून पुन्हा तुमच्याकडेच बघितलं असतं."

आयुष्यभर होऊ घातलेल्या वकिलांच्या चुका काढण्यात गेलेली मी. त्या दिवशी समोरच्या वकिलाचं म्हणणं एकही हरकत न घेता ऐकून घेतलं.